वरची मूठ

काळुरामचा उजवा हात कुणाचं ऐकत नसे. त्याच्या स्वतःच्या डोक्याचं तर अजिबातच नाही. एकतीस वर्षं त्या हाताने पेणच्या बाजारपेठेत पुंडलिकशेठच्या किराणा दुकानात तागडी धरली होती. पारडं समेवर आलं की हात आपणहून पोत्यात जाई, मूठ भरून घेई आणि गिऱ्हाइकाच्या पुड्यात वरून सोडी. तिला वरची मूठ म्हणायचे. ती घातल्याशिवाय पुडा बांधायचा नाही, असा त्या दुकानाचा रिवाज, खुद्द शेठनी घालून दिलेला. नवं गिऱ्हाईक असलं तर लहान मूठ, जुनं असलं तर मोठी, आणि बाळंतिणीच्या घरचा माल असला तर दोन. हे कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं, पण चुकायचंही नाही.

काळुराम निडीचा. दीड एकर भातशेती, भात निघालं की मागे राहिलेल्या ओलीवर वाल. रोह्याहून येणाऱ्या सकाळच्या गाडीने पेण गाठायचं आणि संध्याकाळी परत. शेत बायको बघायची. दुकान मात्र त्याचं होतं. म्हणजे मालकी शेठची, पण गिऱ्हाइकं काळुरामची. कुणाच्या घरी कुठला तांदूळ शिजतो, कुणाला गूळ काळाच लागतो, कुणाच्या सासूला साबुदाणा बाधतो, सगळं तोंडपाठ. माणूस पायरी चढायच्या आत याचा हात बरोबर त्या पोत्याकडे गेलेला असायचा. याचा त्याला इतका गर्व होता की बायको म्हणायची, "पेणची जनगणना तुमच्याकडंच द्यायला पायजे व्हती."

या गिऱ्हाइकांत बायजाबाई सगळ्यांत जुनी. खाडीकडच्या गावातली, जन्म मिठागरात गेलेला. बांधावर अनवाणी चालून तिचे तळवे असे घट्ट झाले होते की भर उन्हात तापलेल्या डांबरावरही ती सावकाश चालायची. महिन्यातून एकदा बाजाराला यायची. बांधायला घेतलेला पुडा काळुरामच्या हातातून ओढून घ्यायची, तळहातावर जोखायची आणि सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं ओरडायची, "कमी हाय रं काळू!"

कमी कधीच नसायचं. ते तिलाही ठाऊक होतं.

"आते, काटा खोटा नाय," असं म्हणत काळुराम मूठ सोडायचा. मग ती ओटीतून फडक्यात बांधलेली जाड्या मिठाची पुरचुंडी काढून त्याच्यासमोर ठेवायची. मिठागरातलं असायचं ते, किंचित करडं, ओलसर. काळुरामच्या घरी आमटीत दुसरं मीठ पडलं तर त्याला लगेच कळायचं.

तीन वर्षांपूर्वी पुंडलिकशेठ वारले. मुलं बाहेरगावी स्थिरावलेली, त्यांना या धंद्यात रस नव्हता. दुकान विकलं गेलं आणि तिथे मोबाईलची कव्हरं लटकायला लागली. काळुराम काम शोधत रोह्याच्या बाजारात चार दुकानं फिरला. सगळीकडे शेठ स्वतःच माश्या मारत बसलेले. त्यातल्या एकाने चहा पाजला, कामाचं मात्र विचारू दिलं नाही.

शेवटी पेणलाच नव्या मार्टात लागला. तिथे सगळा माल पाकिटबंद, फक्त डाळी, कडधान्यं आणि तांदूळ सुटे. त्या सुट्या मालाच्या काट्यावर त्याला उभं केलं. बटण दाबायचं, आकडा येतो, स्टिकर निघतं, पिशवीला चिकटवायचं. अंगात कंपनीचा पिवळा शर्ट, छातीवर नाव. नाव वाचून लोक त्याला हाक मारत, तेव्हा त्याला आत कुठेतरी लागायचं. पूर्वी नाव वाचावं लागत नव्हतं. पण निदान काटा होता. समोर वालाची पेटी होती, हाताला माल लागत होता. तेवढ्यावर तो दिवस काढत होता.

दिवाळीनंतर मार्टात नवी यंत्रं आली. बिलं करणाऱ्या चार मुलींपैकी तिघींना घरी बसवलं आणि त्यांच्या जागी ही पडदेवाली कपाटं उभी राहिली. गिऱ्हाइकाने एकेक वस्तू स्वतःच काचेपुढे धरायची, मग खालच्या फळीवर ठेवायची, मोबाईलवरून पैसे भरायचे आणि निघायचं. ही फळी म्हणजेही एक काटाच. स्टिकरवरचं वजन आणि फळीवरचं वजन जुळलं नाही की पडदा लाल. आतून एक गोड आवाजाची बाई हिंदीत सांगणार, मदतीची वाट पाहा. वाट पाहायला हरकत नव्हती, मदत कुठून येणार होती? एक रखवालदार आणि एक मॅनेजर, दोघांनी सगळं मार्ट सांभाळायचं. एक निवृत्त गुरुजी तर रोज त्या बाईशी भांडायचे. पिशवी हवी का, असं तिने तिसऱ्यांदा विचारलं की म्हणायचे, "अगो, नको म्हटलं ना एकदा!" रोख पैसे घेणारी एकच खिडकी उरली होती, तिच्यापुढची रांग मसाल्यांच्या फडताळापर्यंत जायची. लोक वैतागत, सामान तिथेच टाकून निघून जात. टाकलेलं सामान परत जागेवर लावायला पुन्हा काळुरामच.

मॅनेजर हर्षद पनवेलकडचा तरुण मुलगा, वागायला चांगला. एकदा जेवणाच्या सुट्टीत म्हणाला, "काका, पुढेमागे सुटा मालही लोकांनी स्वतःच मोजायचा असं ठरतंय. पण तुम्ही आहात तोवर मी पुढे ढकलतोय."

त्या दिवसापासून तो काट्यावर जरा जास्तच जपून उभा राहू लागला.

माघात एका दुपारी बायजाबाई आली. सोबत तिची नात दिपिका. दुकान बंद झाल्यापासून आते दिसली नव्हती. तिने वालाच्या पेटीजवळ येऊन आधी पिवळा शर्ट पाहिला, मग चेहरा पाहिला आणि कपाळावर हात मारला.

"काळू! आरं, तू हितं हायस? आनि मी गावातल्या दुकानात किडकं वाल खातंय!"

"आते, किती दिसांनी गो!"

"हिचा साखरपुडा हाय सोमवारी. पावन्यांना वालाचं बिरडं करायचंय. दोन किलो दे, आनि बघून दे."

काळुरामने दोन किलो कडवे वाल मोजले. आकडा आला, स्टिकर निघालं, चिकटवलं. पिशवीचं तोंड बांधणार एवढ्यात बायजाबाईने ती ओढून घेतली, हातावर जोखली आणि भुवई उडवली.

"कमी हाय रं काळू!"

मार्टातली दहा माणसं वळून बघायला लागली. आणि काळुरामचा हात पेटीत गेला, मूठ भरली, पिशवीत सोडली. तीन वर्षांनी. त्याला भरून आलं. डोक्यात काही यायच्या आत हाताने पिशवीला गाठही मारली होती.

दोघी पुढे गेल्या. दिपिका एकेक वस्तू काचेपुढे धरत होती. चहा, रवा, खोबरेल तेल. वालाची पिशवी फळीवर ठेवली आणि पडदा लाल झाला. गोड बाई बोलायला लागली. दिपिकाने पिशवी उचलून पुन्हा ठेवली, तरी लाल. रखवालदार आला. त्याने पिशवी दुसऱ्या काट्यावर ठेवली. ऐंशी ग्रॅम जास्त.

हर्षद आला. आवाज न चढवता म्हणाला, "आजी, स्टिकर लावल्यावर तुम्ही पिशवीत आणखी माल टाकला का?"

बायजाबाईने मागे वळून पाहिलं. काळुराम दहा पावलांवर उभा होता. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि त्याला कळलं की तिला सगळं समजलेलं आहे. त्याने तोंड उघडायला हवं होतं. पण त्याच क्षणी त्याला तो काटा दिसला, ती पेटी दिसली, आणि जीभ हललीच नाही.

"व्हय," बायजाबाई म्हणाली. "मीच टाकलं. म्हातारी हाय, चुकलं."

"आजी!" दिपिका कळवळली.

"गप गो."

रांगेतलं कुणीतरी हसलं. रखवालदाराने नियम म्हणून तिची कापडी पिशवी रिकामी करायला लावली. तिने एकेक वस्तू बाहेर काढली, चष्म्याचं घर, पानाचा डबा, रुमाल. तळाशी फडक्यात बांधलेली पुरचुंडी होती. रखवालदाराने ती उचलली.

"हे कुठल्या रॅकवरचं?"

"मीठ हाय. घरचं."

"घरचं मीठ घेऊन कोण बाजाराला येतं?" असं म्हणत त्याने गाठ सोडली आणि बोटाने मीठ उकरून पाहिलं.

काळुरामला ते बघवेना. ते मीठ कुणासाठी आणलंय, हे त्या सबंध मार्टात फक्त दोघांना माहीत होतं. तो काटा सोडून चालत आला.

"ती मूठ मी टाकली साहेब," तो म्हणाला. "आतेनं नाय टाकली. मी टाकली."

हर्षद त्याच्याकडे वळला. "काका? का पण?"

एकतीस वर्षं कशी सांगायची या पोराला? काळुराम एवढंच म्हणाला, "हाताची सवय हाय."

बायजाबाईने सोडलेली गाठ पुन्हा मारली. पुरचुंडी तिने पिशवीत परत टाकली, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर ती त्याला कशी देणार? दिपिकाने पैसे भरले. पेटीत परत ओतलेल्या त्या मुठीकडे न बघता दोघी बाहेर पडल्या.

हर्षदने काळुरामला काढलं नाही, हा त्याचा चांगुलपणा. पण वर कळवणं त्याला भाग होतं. आठवड्याभरात काट्यावर सूचनांचा कागद लागला आणि लोक स्वतःच वाल मोजू लागले. काळुराम दारापाशी आला. बाहेर पडणाऱ्याचं बिल बघायचं, त्यावर शिक्का मारायचा. दिवसभर कागदाशिवाय हाताला काही लागायचं नाही. संध्याकाळी गाडीत कासू गेलं, नागोठणं गेलं तरी त्याच्या डोळ्यांसमोर तेच यायचं. आतेने मागे वळून पाहिलं होतं आणि आपण गप्प राहिलो होतो. किती वेळ? पुरचुंडी सोडेपर्यंत. काटा गेल्याचं दुःख होतंच, पण त्याहून हे जास्त सलायचं. आते परत येईल, निदान एकदा येईल, असं त्याला रोज सकाळी वाटायचं आणि दुपार टळली की वाटेनासं व्हायचं. साखरपुड्याचा सोमवार आला आणि गेला.

फाल्गुनात निडीच्या शेतातले वाल निघाले. झोडपून, वाळवून झाले तशी काळुरामने त्यातली एक मूठ रुमालात बांधली आणि शर्टाच्या खिशात घालून पेणला नेली. दुसऱ्या दिवशीही नेली. बायकोने चारेक दिवस पाहिलं आणि विचारलं, "हे काय, दृष्टीचं काय बांधून दिलंय का कुनी?" त्याने सांगितलं. दुसऱ्या दिवशी रुमालातले वाल तिने निवडून, एकसारखे टपोरे घातले होते.

अशा खूप सकाळी गेल्या. मग एके दिवशी अकराच्या सुमाराला बिल घेऊन दिपिका समोर उभी राहिली. त्याने शिक्का मारला. तिने पिशवीत हात घातला आणि फडक्याची पुरचुंडी त्याच्या टेबलावर ठेवली.

"आजीने दिलंय. यंदाचं."

काळुरामने पुरचुंडी उचलली. "आते कुठं हाय?"

"समोर रिक्षात. आत येत नाही. म्हणते, पाय दुखतात."

ते पाय कधी दुखले नव्हते, काळुरामला माहीत होतं. त्याने काचेतून पाहिलं. रस्त्यापलीकडे रिक्षाच्या मागच्या बाकावर बायजाबाई बसली होती. दार सोडायची मुभा नव्हती, रखवालदार मागेच उभा होता. काळुरामने खिशातला रुमाल सोडला, वाल मुठीत घेतले आणि दिपिकाच्या ओंजळीत सोडले.

"तिला दे. सांग, माझ्या शेतातलं हाय."

पोर ओंजळ सांभाळत, गाड्या चुकवत पलीकडे गेली. काळुराम एका हाताने काचेचं दार उघडं धरून बघत राहिला. बायजाबाईने वाल तळहातावर घेतले, वरखाली करून जोखले. मग मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. आणि सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असं, भर बाजारात, रिक्षातून वाकून ती ओरडली.

"कमी हाय रं काळू!"

काळुरामला हसू आलं आणि डोळेही भरले. त्याचा उजवा हात सवयीने बाजूला पोत्याकडे गेला. तिथे शिक्क्याचं टेबल होतं.