गाळलेल्या तीन चाचण्या

लॅपटॉपची ऊब तळहातांना जाणवत होती, आतला पंखा एकसुरी घोंघावत होता आणि काळ्या पडद्यावरून पांढऱ्या अक्षरांच्या ओळी इतक्या वेगाने वर सरकत होत्या, की डोळ्यांनी त्यांचा नाद सोडून दिला होता. भोरमधल्या माझ्या खोलीतली मे महिन्याची ती दुपार आजही लख्ख आठवते. एक यंत्र माझ्या आज्ञेवरून काहीतरी घडवत होते, आणि ते नेमके काय घडवते आहे हे मला मुळीच ठाऊक नव्हते!

मी कॉलेजात भूगोल शिकवते. राजगडाच्या पायथ्याच्या पालीपलीकडे, डोंगराच्या पोटाशी एक छोटी वाडी आहे; तिथे हौसाआक्का, त्यांची सून सुमन आणि सुमनचे तान्हे बाळ राहतात. गेल्या पावसाळ्यात त्यांच्या घरामागच्या वावरात लांबलचक भेग पडली आणि ही तिघे समाजमंदिरात राहायला गेली. आक्कांनी भेगेच्या दोन्ही अंगांना खुंट्या ठोकल्या आणि दर रविवारी त्यांच्यातले अंतर त्या विती-बोटांनी मोजू लागल्या. मी उताराचा कोन मोजला, मातीचे नमुने आणून तपासले. त्या सगळ्या खटाटोपावर आक्कांचा प्रश्न एकच होता, "मॅडम, यंदा पावसात घरात निजावं का न्हाई, तेवढं सांगा."

तेवढं! केवढे होते ते 'तेवढं'!

उतार ढासळेल की नाही याचे गणित करणारा एक प्रोग्राम संशोधकांनी फुकट ठेवला होता, पण तयार नव्हे. त्याचा मूळ कोड उतरवून तो आपल्याच संगणकावर बांधून घ्यायचा, आणि तोही लिनक्स या विंडोजहून वेगळ्या प्रणालीवर. पन्नाशीला टेकलेल्या बाईने लिनक्स शिकायला घ्यावे, हे माझ्या सहकाऱ्यांना हसण्यापुरते पुरेसे होते. पहिल्या आठवड्यात पासवर्ड टाकताना अक्षरे दिसत नाहीत म्हणून कीबोर्ड बिघडला असे समजून मी दुसरा विकत आणला. मग त्रुटींचे सत्र सुरू झाले. हे सापडत नाही, ते सापडत नाही. एक आणावे तर ते आणखी तिघांना बोलावते. लाल अक्षरे दिसली, की दहावीच्या निकालाचा दिवस आठवायचा.

शेवटी गाडी एका गणिती लायब्ररीपाशी, म्हणजे प्रोग्रामला लागणाऱ्या तयार सूत्रांच्या संचापाशी, अडली. प्रोग्रामला नवी आवृत्ती हवी होती, माझ्याकडे जुनी होती. इंटरनेटवर कुणीतरी तोडगा सुचवला होता, की जुन्या फाइलला नव्या नावाची पाटी लावा, प्रोग्राम फसतो. मी पाटी लावली. तो फसला! बांधणी पूर्ण झाली. मग प्रोग्राम हिशेब बरोबर करतो का हे पाहणाऱ्या, त्याच्यासोबतच आलेल्या चाचण्या चालवल्या, तर त्यांतल्या तीन नापास. त्यावरही कुणीतरी लिहिले होते, चाचण्या गाळा, काही होत नाही. मी गाळल्या. आक्कांच्या उताराचे आकडे भरले आणि उत्तर आले, उतार स्थिर. आनंदाच्या भरात मी लगेच फोन करून आक्कांना घरात राहायला जा म्हणून सांगितले. "देव पावला बगा," आक्का म्हणाल्या.

दोन दिवसांनी मी विद्यार्थ्यांची जर्नले तपासत होते. एकाने दुसऱ्याचे निरीक्षण जसेच्या तसे उतरवले होते. उत्तर बरोबर होते, तरी मी लाल पेनाने खाली लिहिले, 'रीत कुठे आहे?' आणि माझा हात तिथेच थांबला. माझी रीत कुठे होती? मी फसवलेला प्रोग्राम मला खरे कशाला सांगेल? ती लाल अक्षरे निदान प्रामाणिक तरी होती. ज्या निमूट यशावर मी हुरळले, त्याचा आता भरवसा उरला नाही.

आक्कांचा फोन लागेना. नसरापूरपर्यंत एसटी, तिथून भरून निघालेली जीप. राजगडावर ढग उतरले होते, आणि जीपमधली माणसे पाऊस लवकर येणार म्हणून खूश होती. मी मात्र प्रत्येक वळणावर ते बाळ मीच मोजलेल्या उताराखाली निजलेले पाहत होते. वाडीत पोचले तेव्हा सुमन गोधड्यांचे गाठोडे घरात नेत होती.

"आक्का, माझं चुकलं. हिशेब खोटा निघाला."

"म्हंजी डोंगार येनार खाली?"

"मला माहीत नाही."

आयुष्यभर वर्गात न उच्चारलेले ते शब्द होते. आक्का रागावल्याच होत्या. मग वळून म्हणाल्या, "सुमे, गोधड्या भाईर काढ. मॅडमला ठावं न्हाई." त्यांनी बाळ माझ्या हाती दिले आणि भांडी आवरायला आत गेल्या. गाठोड्याएवढाही भार नसलेले ते बाळ घेऊन मी अंगणात उभी राहिले.

नंतर महिनाभर खपून मी नवी लायब्ररी नीट बसवली. पाटी काढली, सगळे पुसून पुन्हा बांधले. साऱ्या चाचण्या पास झाल्या. आकडे भरले, आणि उत्तर आले, उतार स्थिर.

तेच उत्तर! आता रीतही होती. मग मला सुटल्यासारखे का वाटले नाही? प्रोग्राम खरा ठरला होता. पण माती मी चारच जागांची आणली होती, आणि डोंगर काही चार जागांपुरता नसतो. खुंट्यांमधले अंतर पुन्हा बोटभर वाढले होते.

त्या रविवारी आक्कांनी विचारले, "मशिन काय म्हनतंय?"

"ते राहा म्हणतंय," मी म्हणाले.

"आनि तुमी?"

"मला भीती वाटते, आक्का."

"मंग ऱ्हातो हितंच," त्या समाजमंदिराच्या पायरीवर टेकत म्हणाल्या, आणि चहा ठेवायला त्यांनी सुमनला हाक मारली.