सुतासारखी सरळ

प्रॅक्टिकलच्या तासाला तिच्यासारखी रीडिंग्ज कुणाला जुळवता येत नसत. आधी पुस्तकातलं उत्तर बघायचं, मग मागे मागे येत आकडे भरायचे. वर्ग तिला जुळवणीकाकू म्हणायचा.

"काकू, आमचं लग्नही जुळवा की!"

"आधी तुझे मार्क तर जुळू देत," ती म्हणायची.

तिला मार्क भरपूर पडायचे. त्या जोरावर दुसऱ्या वर्षी तिला ऑनर्सला घेतलं.

तिथे प्रयोगासाठी प्रश्न आपला आपण आणायचा होता. आई कपडे शिवायची, म्हणून तिने दोरा आणला. दोरा खुंटीला बांधायचा, खाली वजनं वाढवत जायचं, किती लांबतो ते मोजायचं. पहिल्याच दिवशी तिने ऑनर्सच्या मॅडमना विचारलं, "उत्तर किती यायला हवं?"

"मला काय माहीत? माहीत असतं तर तुला कशाला करायला लावलं असतं?"

ती हसली. मॅडम हसल्या नाहीत. तेव्हापासून तिच्या जिवाला चैन नाही.

आलेखाची रेघ सरळ जायची आणि मध्येच वाकायची. तिने रीळ बदललं, वजनं बदलली, खुंटी बदलली. रेघ आपली तिथेच वाकायची. शुक्रवारी सादरीकरण होतं. ते फसलं की ऑनर्समधून नाव कमी. बुधवारी तिने चार ठिपके उचलून वर ठेवले. रेघ सुतासारखी सरळ झाली.

त्या संध्याकाळी ती ताटावरून दोनदा उठली. खिडकी उघडली, लावली, पुन्हा उघडली. आई मशीनवर बाही जोडत होती.

"अगं, मुंग्या चावतायत का तुला? बस की एका जागी."

"आई, शिवण चुकली आणि गिऱ्हाइकाला कळणारच नसेल, तर तू उसवतेस?"

"गिऱ्हाईक तापट असेल तर उसवते. गरीब असेल तर देते तशीच. पोट आहे बाई."

तिला वेगळं उत्तर हवं होतं. इथेही कुणी जुळवून देईना.

शुक्रवारी पिशवीत दोन्ही आलेख होते. सरळ रेघेबद्दल कुणी विचारलं असतं तर सांगायला काहीच नव्हतं. वाकड्या रेघेचा दोरा मात्र तिने डोळ्यांनी पाहिला होता. तिने वाकडी रेघ भिंतीवर लावली.

"इथे का वाकली?" बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं.

"माहीत नाही."

कॉलेजात हे शब्द ती पहिल्यांदाच बोलत होती. मग तीच पुढे म्हणाली, "पण दर वेळी इथेच वाकते. त्याआधी दोरा जरासा गरगरतो. पीळ सुटत असेल. नसेलही. पीळ नसलेला दोरा लावून बघायला हवं."

परीक्षक मॅडमकडे वळले. "काय शिकवलंत हिला?"

"काही नाही," मॅडम म्हणाल्या. "उत्तर तेवढं सांगितलं नाही."

तिचं नाव राहिलं. त्याबरोबर दोराही राहिला, आणखी वर्षभर.

"झालं? सुटलीस एकदाची?" आईने दारातच विचारलं.

"अडकले," ती म्हणाली आणि चपला न काढताच रिळांचा डबा उपसायला लागली. "आई, पीळ नसलेला दोरा आहे का गं?"

"पीळ नसलेला? या घरात कुठला मिळायला!"

तोवर तिने डबा जमिनीवर पालथा केला होता.