टायमरवरची टिकली

माझा टायमर सहा वर्षांत एक मिनिटही मागं पडला नाही, असं मी जगाला सांगत फिरलो.

धादांत खोटं होतं. आणि ते मला शोभा गेल्यावर कळलं.

आज तिला जाऊन वर्ष झालं.

शोभा माझी बायको. इथले तुम्ही बरेच जण तिला ओळखता. ज्यांनी आमच्याकडं एकदा तरी चहा घेतलाय, त्यांनी माझं गीझरच्या टायमरचं पुराणही ऐकलंय. नाइलाज होता तुमचा.

मी वाळूजला कंपनीत मेंटेनन्सला. कायम फर्स्ट शिफ्ट, सव्वासहाला चौकात बस.

त्यामुळं शोभा पावणेपाचला उठून गीझरचं बटण दाबायची आणि परत आडवी व्हायची. झोप काय लागणार?

सव्वापाचला हाक यायची.

"अहो, उठा. पाणी तापलं बघा."

एकदा बटण बंद करायचं राहिलं आणि आम्ही तिच्या माहेरी पाचोडला गेलो. संध्याकाळी आलो तर गीझर चालूच. मी लई बोललो तिला. नको तेवढं बोललो. ती भाकरी टाकायला बसली.

सॉरी म्हणायचं सोडून मी गुलमंडीवर गेलो आणि टायमर घेऊन आलो. आमची माफी मागायची पद्धत अशी.

दुकानदार म्हणाला, "सेलवाला घ्या. लाईट गेली तरी त्याचं घड्याळ चालू राहतं."

मी म्हटलं, "मला शिकवता का? तीस वर्षं पॅनल उघडतोय."

साधा घेतला, गोल चकतीवाला.

गीझरचा लोड थेट टायमरवर टाकायचा नसतो, म्हणून मध्ये जड लोड झेलणारा कॉन्टॅक्टर टाकला. टायमर बाथरूमच्या दाराच्या वर, उंच बसवला. वायरिंग अशी केली की बघत राहावं.

पावणेपाचला टक, चालू. सव्वापाचला टक, बंद.

"आता तू बिनधास्त झोप," मी म्हणालो.

"आन् लाईट गेल्यावर? ती चकती थांबंल ना तिथंच."

"मी बघीन की."

पहिला आठवडा बघितलं. मग विसरलो.

दिवसभर मी कंपनीत. घरी लाईट कधी गेली, कधी आली, मला काय पत्ता? पाणी रोज वेळेवर कडक. मला वाटलं, आपल्या लाईनला लाईट जातच नाही.

मग काय, कॉलर टाईट. मेव्हण्याला दाखवला, पाहुण्यांना दाखवला, गॅसवाल्यालासुद्धा थांबवून दाखवला. "सहा वर्षं झाली, हात लावलेला नाही!"

शोभा मागं उभी राहून तोंडाला पदर लावायची. हसत होती, हे आता कळतंय.

एकदा टायमरवर, चकतीची वेळ दाखवणाऱ्या बाणाजवळ लाल टिकली दिसली.

"इथं कशाला चिकटवती? आरसा आहे का हा?"

"ऱ्हाऊ द्या की. तुमचं काय जातंय?"

मी काढून टाकली. दुसऱ्या दिवशी नवी. मग मी नाद सोडला.

गेल्या वर्षी ती अकरा दिवस दवाखान्यात होती. घरी आलीच नाही.

तेरावं झालं. आमचा मुलगा संकेत पुण्याला परत गेला आणि मी ड्युटी धरली. पहिल्याच सकाळी पाणी बर्फासारखं.

मी टायमरला शिव्या घातल्या. चकती घड्याळाला लावली, कॉईल तपासली, थर्मोस्टॅट बदलला. चार दिवसांनी पुन्हा थंड.

रविवारी स्टूलवर चढून सगळं खोलत होतो, तेव्हा शेजारच्या शाहीनभाभी डबा द्यायला आल्या.

"भाईसाब, खराब नै है वो. लाईट गए बाद फिराना पडता. भाबी फिराती थी ना हमेशा."

"शोभा?"

"हौ. बाहर से आई की पैले मेरेकू पूछती, लाईट गई थी क्या. फिर स्टूल पे चढके टाइम मिलाती. चष्मे के बगैर बाण नै दिखता था, इसलिए टिकली लगाई थी."

मी वळून टायमरवरच्या टिकलीकडं बघितलं.

"मेरेकू बोली, इनकू नक्को बताओ, बुरा मान लेंगे."

स्टूलवरून उतरलो आणि त्याच स्टूलवर बसून राहिलो.

सहा वर्षं. तिचे गुडघे दुखायचे हो. जिना चढताना कठडा धरायची ती.

तिला झोप मिळावी म्हणून टायमर लावला होता मी. तिला झोप मिळाली की नाही माहीत नाही, काम मात्र वाढलं. आणि माझी सकाळची हाक गेली. टायमर लागल्यावर तिनं कधी "पाणी तापलं बघा" म्हटलंच नाही. मीच म्हणायचो, हाक कशाला, मला टक ऐकू येतं.

आता सकाळी घरात फक्त टकच ऐकू येतं.

संकेतनं सेलवाला डिजिटल टायमर पाठवलाय. "पप्पा, हा लावा. मग बघायची गरजच नाही."

खोकं कपाटावर पडलंय. मला बघायची गरज पाहिजे, हे त्याला फोनवर कसं सांगू?

शिफ्टवरून आलो की मी शाहीनभाभींना विचारतो, लाईट गेली होती का. हल्ली त्या न विचारता सांगतात. ज्या दिवशी "नै गई" म्हणतात, त्या दिवशी कुलूप काढून आत जायचं जिवावर येतं.

आज सुट्टी टाकली होती. फोटोला हार घातला. दुपारी चाळीस मिनिटं लाईट गेली.

लाईट आल्यावर स्टूल घेतलं, चकती फिरवली. टिकलीचा गोंद वाळला होता, ती हातातच आली. तिच्या डब्यात टिकल्यांचं पाकीट होतं, त्यात चार शिल्लक. एक लावली.

शोभा, त्या दिवशी नुसतं सॉरी म्हणायला पाहिजे होतं मी.

आज सगळ्यांसमोर म्हणतो. चुकलं माझं.

उद्या सव्वापाचला पाणी तापलेलं असेल बघ.