अर्जदार क्वेरुलस

नामांतराच्या चळवळीची ती वर्षे. सोनपेठकडच्या आमच्या गावात बौद्धवस्तीतून स्मशानाकडे जाणारी वाट एका बागायतदाराने नांगरून आपल्या रानात घेतली. त्या पावसाळ्यात माझ्या पत्नीचे प्रेत आम्हांला छातीभर पाण्यातून, ओढा ओलांडून न्यावे लागले. दुसऱ्याच दिवशी वाट खुली करण्याचा पहिला अर्ज मी तालुक्याला पाठवला.

अकरा अर्जांना उत्तर आले नाही, तेव्हा फाईलची नक्कल मागितली. नायब तहसीलदारांच्या टिपणीत एवढेच होते: "अर्जदार क्वेरुलस आहे. दप्तरी दाखल." म्हणजे प्रकरण बंद.

पूर्णेला रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकुनी करताना इंग्रजी कागद मी पुष्कळ वाचले होते. हे विशेषण कधी भेटले नव्हते. परभणीच्या वाचनालयातील जाड कोशात ते सापडले. मूळ लॅटिन, 'तक्रार करणे' या क्रियापदाचे. इंग्रजीतला 'क्वॉरल' हा भांडणाचा शब्दही त्याच कुळातला. वापर मात्र चिडखोर, सतत कुरकुरणाऱ्या माणसासाठी, रडक्या आवाजासाठी. उदाहरणांत आजारी माणसे होती, हट्टी मुले होती. वाट हिरावलेला विधुर त्यांत कोठेही नव्हता.

सूड घ्यायचा, पण कायद्याने, असे मी तिथेच ठरवले. पुढील प्रत्येक अर्जावर सहीखाली 'क्वेरुलस अर्जदार' असे लिहून प्रती प्रांताधिकारी, जिल्हाधिकारी, आयुक्त यांना धाडल्या. अखेर प्रांताधिकारी स्वतः स्थळपाहणीस आले.

ओढ्याकाठी सर्वांदेखत मी नायब तहसीलदारांना म्हणालो, "साहेब, आपल्या शब्दाचा मराठी अर्थ सांगावा. पंचनाम्यात घ्यायचा आहे."

ते जवळ येऊन हळूच म्हणाले, "मामा, कशाला ताणायलाव? शेरा खोडतो मी. तुमी ते प्रती पाठवणं बंद करा."

"खोडायचा तर कारण लिहून खोडा."

वस्तीतली एक म्हातारी मागून बोलली, "सांगा की साहेब. आमाला बी कळू द्या काय शिवी हाय ती."

"शिवी न्हाई ओ आजी. किरकिऱ्या, असं."

"मंग बायको पाण्यातून न्यावी लागली तर माणसानं गानं म्हणावं का?"

प्रांताधिकाऱ्यांनी अर्थ आणि म्हातारीचा प्रश्न, दोन्ही पंचनाम्यात लिहायला लावले व खाली नायब तहसीलदारांची सही घेतली. मला ते पाहून बरे वाटले, हे मी लपवत नाही.

पंधरवड्यात मोजणी होऊन वाट खुली झाली. नायब तहसीलदारांची बदली झाली. त्या वाटेने निघालेली प्रत्येक अंत्ययात्रा, मृताचे नाव व वय यांसह, मी त्यांना नव्या ठिकाणी पत्राने कळवत राहिलो, ते निवृत्त होईपर्यंत.