लालसाब ड्रायव्हरचा जबाब

सोलापुरात अक्कलकोट नाक्याजवळ लालसाब ड्रायव्हर राहायचा. इराणला जायच्या आधी सोळा वर्षं त्यानं या मुलखात ट्रक चालवला, आणि सोळाही वर्षं त्याच्या डाव्या हाताला एकच माणूस बसला, तो सिद्धाराम. सिद्धाराम नावाला किन्नर, म्हणजे ट्रकचा क्लीनर. वयानं लालसाबच्या बरोबरीचा आणि तोंडानं त्याच्यापेक्षा मोठा.

तेव्हा आमच्या जिल्ह्यातले रस्ते एका गाडीपुरते होते. मधे डांबराची पट्टी आणि दोन्ही अंगांना माती. समोरून गाडी आली की दोघांनी आपापली डावी चाकं मातीत उतरवायची आणि निम्मी निम्मी वाट वाटून घ्यायची. पण आधी उतरवील तो भित्रा, असं ड्रायव्हर लोकांत मानलं जाई. म्हणून दोन्ही ट्रक डांबर न सोडता एकमेकांवर धावून जात. मधे कासराभर अंतर उरलं की दोघेही एकदम डावीकडे. नवखा माणूस ते बघून डोळे मिटून घेई. आम्हाला त्यात वावगं असं काही वाटत नव्हतं.

पंचाहत्तर साली इराणच्या बंदरात माल तुंबला होता आणि तो वाहून न्यायला ड्रायव्हर पुरत नव्हते. मुंबईच्या एका एजंटानं माणसं गोळा केली, त्यात लालसाब गेला. बंदरापासून तेहरानपर्यंतचा डोंगरातला रस्ता त्यानं अडीच वर्षं तुडवला. तिथं स्टेअरिंग डाव्या बाजूला, चालायचं उजव्या अंगानं, आणि शेजारी कुणी नाही. पहिला महिनाभर तो उजव्या हाताला सुतळी बांधून बसायचा. जिकडे सुतळी, तिकडे जायचं. मग हातच शिकले आणि सुतळी सुटली.

सत्त्याहत्तरच्या दिवाळीला तो परत आला. त्यानं आणि सिद्धारामनं मिळून एक जुना ट्रक घेतला. श्रीपूरच्या कारखान्यातून साखरेची पोती भरायची आणि सोलापूरला आणायची. पहिले दोन महिने लालसाब गाडी चालवताना गप्पा मारत नसे. समोर गाडी दिसली की स्वतःशी पुटपुटायचा, "डावीकडं, लालसाब, डावीकडं." सिद्धाराम हसायचा. म्हणायचा, "नमाज पडतूस का गाडी चालवतूस?"

संक्रांत झाली आणि ते पुटपुटणं थांबलं. हात घरी आले असं लालसाबला वाटलं.

त्या दिवशी दुपारी ते श्रीपूरहून भरून निघाले होते. उन्हाचा ताव नव्हता. दोन्ही बाजूंना उसाचे फड, आणि वाऱ्यावर पाचटाचा कोरडा आवाज. सिद्धाराम पाय वर घेऊन बसला होता.

"सांग की रं तुज्या इराणचं. ते घाटातलं."

"किती येळा सांगू?"

"परवा नीट सांगितलं न्हाईस. मला झोप लागली हुती."

लालसाब सांगू लागला. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, आणि वळणावर दोन ट्रक शेजारी शेजारी. मागचा पुढच्याला मागं टाकायला बघतोय, समोरून काय येतंय ते दोघांनाही दिसत नाही. दरीत खाली पडलेले ट्रक खेळण्यांसारखे दिसायचे. तुर्कस्तानचे ड्रायव्हर बर्फात उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडायचे, तेल वाचतं म्हणून. कुवेतची श्रीमंत पोरं नवी मोटार अशी हाणायची की चाकं जमिनीला लागतायत का नाही तेच कळायचं नाही.

"आन् जर्मन लोक?" सिद्धारामनं विचारलं.

"त्यांचं येगळंच. माळावर चिटपाखरू नसलं तरी पांढऱ्या रेघंच्या आत चालायचे."

"मग तर लईच भ्या वाटायचं आसंल."

"कशाचं?"

"आरं, रेघ संपल्यावर काय करत आसतील?"

दोघे खदखदून हसले. समोरून उसाचा ट्रॅक्टर येत होता, मागे दोन ट्रॉल्या. ट्रॅक्टरवर बाळासो होता, बावीस-तेवीस वर्षांचा. कासराभर अंतर राहिलं तेव्हा त्यानं रीतीप्रमाणं ट्रॅक्टर आपल्या डावीकडे उतरवला. लालसाबच्या तोंडावर हसू तसंच होतं. त्याच्या हातांनी स्टेअरिंग उजवीकडे फिरवलं.

"लाल्या!" सिद्धाराम ओरडला.

दोघेही एकाच अंगाला आले होते. लालसाबनं तेवढ्यात चाक डावीकडे ओढलं. ट्रॅक्टर वाचला. भरलेला ट्रक रस्ता ओलांडून बाभळीवर गेला, आणि डाव्या बाजूनं गेला.

लालसाबच्या कपाळाला टाके पडले. सिद्धारामची छाती दाराच्या पत्र्यात दबली होती. त्याला सोलापूरच्या सरकारी दवाखान्यात नेलं. फौजदार पंचनाम्याला येईपर्यंत मागच्या ऊसगाड्यांनी मातीतल्या चाकोऱ्या पुसून टाकल्या होत्या. काय घडलं ते तिघांनाच ठाऊक. लालसाब अजून शुद्धीवर नव्हता, म्हणून फौजदारानं सिद्धारामचा जबाब घेतला.

संध्याकाळी लालसाब त्याच्या खाटेजवळ आला. पलीकडे सिद्धारामची बायको दाक्षायणी बसली होती.

"म्या सांगून टाकलंय," सिद्धाराम दम घेत घेत म्हणाला. "ट्रॅक्टर उलट्या अंगानं आला म्हणून. तू माजा शबुद मोडू नगंस. तुजं लायसन गेलं तर तू करणार काय?"

तिसऱ्या दिवशी सिद्धाराम गेला. त्याच्या लिंगायत लोकांच्या चालीप्रमाणं त्याला बसवून नेलं, आणि लालसाब सगळ्यात मागून चालला.

चौथ्या दिवशी त्याला चौकीवर बोलावलं. फक्त 'सिद्धाराम म्हणतो तेच खरं' एवढं सांगून अंगठा उठवायचा होता. नाक्यावरच्या ड्रायव्हर मंडळींनी त्याला पढवून पाठवलं होतं. मेलेला माणूस देवासमान, त्याच्या शब्दापुढं कोण जातंय, असं ते म्हणाले होते.

चौकीच्या ओसरीवर बाळासोला बसवून ठेवलं होतं. चार दिवसांत पोराचं तोंड काळवंडून गेलं होतं. लालसाबला बघून तो उठला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "मामा, म्या खरंच उलट्या अंगाला हुतो का?"

लालसाब थांबला.

"पयल्यांदा वाटत हुतं, म्या माज्या बाजूनंच उतरलो. पर मरणारा मानूस खोटं कशाला बोलंल? चार दिस इचार करतोय. आता तर मला दिसाय बी तसंच लागलंय. तुमी परमुलखात गाडी चालवलीया. तुमी सांगाल ते खरं. म्या मारलं का हो त्यांना?"

आपल्यावर आळ आला म्हणून तो रडला असता, भांडला असता, तर कदाचित लालसाब अंगठा देऊन घरी गेला असता. पण पोरानं तो आळ आपल्या अंगात मुरवून घेतला होता.

लालसाब आत गेला आणि उभ्यानंच म्हणाला, "सायेब, म्या उजवीकडं मारली. हात चुकला. पोराची काय चूक न्हाई."

फौजदारानं लेखणी खाली ठेवली. "मग सिद्धाराम खोटं बोलला?"

लालसाबनं दारातून ओसरीकडे बघितलं.

"व्हय," तो म्हणाला.

तिथून तो सरळ दाक्षायणीकडे गेला. दुसऱ्याच्या तोंडून तिला कळू नये असं त्याला वाटत होतं. ती उंबऱ्याच्या आत उभी राहून ऐकत होती. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाली, "भावजी, तुमच्या हातनं गाडी चुकली, त्याला म्या तुमाला काय बोलले न्हवते. देवाची करनी म्हनून गप ऱ्हायले. पर जाताना त्यांनी येकच गोष्ट मागितली तुमच्याकडं. आता लोक काय म्हनतील? सिद्धाराम मरताना खोटं बोलून गेला, आसंच की. माज्या दारात पुन्यांदा येऊ नका."

तिनं दार लोटलं. कडी लावल्याचा आवाज झाला नाही, तरी लालसाबनं पुन्हा ते दार वाजवलं नाही.

त्याला आठ महिने कैद झाली आणि लायसन गेलं. ट्रक भंगारात गेला. सुटून आल्यावर तो घराच्या मागल्या बाजूला, जिथून रस्ता दिसत नाही तिथं, दिवसभर बसून राहायचा. नाक्यावर चहाला गेला की मंडळींचं बोलणं बंद व्हायचं, म्हणून तेही त्यानं सोडलं. घरात त्याची बायको अजीजा एकटीच काय ते बोले. तो ऐके आणि मान हलवे.

एकदा बाळासो त्याला शोधत आला. खांद्यावर पायलीभर ज्वारीचं गठुडं होतं. ते खाली ठेवून तो लालसाबच्या पाया पडला.

"मामा, तुमच्यामुळं म्या—"

"उचल ते," लालसाब म्हणाला.

"आईनं धाडलंय. न्हाई म्हनू नगा."

"बाळासो, तुज्यावर माजा राग न्हाई. पर तू हितं येऊ नगंस. तू समोर आलास की मला वाटतं, म्या बरं केलं. आन् तसं वाटलं की सिद्ध्या खोटा ठरतो. त्यो सोळा वर्सांत माज्याशी कदी खोटं बोलला न्हाई, बाबा. येकदाच बोलला, ते बी माज्यासाठी."

बाळासो गठुडं उचलून निघून गेला. अजीजा पाणी घेऊन बाहेर आली तेव्हा लालसाब एकटाच होता. तिनं विचारलं, "कोन आलतं?"

"कोन न्हाई," लालसाब म्हणाला.