रोलर काढण्यापुरता रस्ता

रोलरमामांना त्या भागातला प्रत्येक रस्ता ओळखतो, असं कुणी म्हटलं की मामा खुलायचे. खरं पाहता रस्त्यांना तेवढी सवडच मिळायची नाही. डांबर पडायचं, फोटो निघायचे, आणि ओळखपाळख व्हायच्या आतच रस्ता उखडून ओढ्याला जाऊन मिळायचा. मग तोच रस्ता पुन्हा नवा व्हायचा आणि मामा पुन्हा त्याच्यावरून रोलर फिरवायचे. बांधकाम खात्यात त्यांनी सगळी हयात काढली ती अशी.

तिथल्या रस्त्यांना सरळ जाण्याची सवय नव्हती. सभापतींच्या बागेपाशी ते अदबीनं वळायचे. खडीच्या खाणीचा मालक अध्यक्षांचा मेहुणा, म्हणून खाणीला वळसा घालून तिची विचारपूस करायचे. एवढं सगळं झाल्यावर उरलेल्या डांबरात जी गावं बसतील ती बसायची. जी बसायची नाहीत त्यांच्यासाठी कोनशिला होत्या. शेवटची वाडी नावाप्रमाणे अगदी शेवटी होती, आणि तिच्या वाट्याला तीन कोनशिला आल्या होत्या. तीन पुढाऱ्यांनी तीन वेळा एकाच रस्त्याचा शुभारंभ केला होता. इतका गुळगुळीत दगड वाडीत दुसरा नसल्यामुळे बायका त्यांच्यावर कपडे धूत. त्यामुळे पुढाऱ्यांची नावं वाडीतल्या इतर कशाहीपेक्षा स्वच्छ राहिली होती.

रोलर माणसाच्या चालीनं जातो. कधीकधी तेवढंही नाही. त्यामुळे बाजाराला निघालेला कुणीही रोलरच्या बाजूनं चालू लागायचा आणि मामांपाशी मन मोकळं करायचा. मामा वर, तो खाली, आणि मध्ये इंजिनाची धडधड. सगळं ओरडून सांगावं लागायचं. घरातली गुपितं आजूबाजूच्या शेतांपर्यंत जायची, पण सगळ्यांचीच जात असल्यामुळे कुणाला त्याचं काही वाटायचं नाही. कुणाचा मुलगा लग्नाचा आहे, कुणाची मुलगी हट्टी आहे, कुठल्या दोन भावांचं पटत नाही, हे मामांइतकं कुणालाच ठाऊक नसायचं. सीटवर बसल्या बसल्या त्यांनी गावोगावची कितीतरी लग्नं जुळवली. त्यांचे रस्ते टिकले नाहीत, लग्नं मात्र बहुतेक टिकली. लग्नांत खात्याचा माल वापरलेला नव्हता, एवढंच त्याचं कारण.

त्यांच्या स्वतःच्या लेकीचं लग्नही असंच चालता चालता ठरलं. लेक बाजारपेठेतल्या चष्म्याच्या दुकानात कामाला होती. डोळ्यांचा नंबर काढायची, फ्रेमच्या दांड्या कानाला बेतून द्यायची. म्हाताऱ्या बायका तर मालक रिकामा असला तरी हिच्यासाठी खोळंबून राहायच्या. एक दिवस शेवटच्या वाडीतले एक खटपटे गृहस्थ रोलरच्या बाजूनं चालू लागले आणि त्यांनी आपल्या मुलासाठी तिला मागणी घातली. मुलगी काय शिकली, स्वभाव कसा, काही म्हणजे काही विचारलं नाही. विचारलं ते रोलरबद्दल. वजन किती, चढ चढतो का, आणि साहेब तुमचं ऐकतात का.

"साहेब माझ्या शब्दाबाहेर नाहीत," मामा म्हणाले. साहेबांना मामांचं नावसुद्धा माहीत नव्हतं. पण रोलरवर बसलं की माणसाला आपली उंची जरा जास्तच वाटते.

"मग आमच्या वाडीचा रस्ता तुमच्याकडे लागला."

"लागला!" मामा वरून ओरडले.

घरी मामी म्हणाल्या, "अहो, त्यांना सून हवीय की रोलर?"

"दोन्ही आपल्याच घरचं आहे ना? मग झालं तर."

लेकीनं एवढंच विचारलं, "बाबा, माझं काम?"

"रस्ता झाला की रोज जीपनं ये-जा कर. मी शब्द दिलाय त्यांना," मामा म्हणाले. तिनं नेमकं काय विचारलं होतं आणि आपण काय उत्तर दिलं, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. ती पुढं काही बोलली नाही, आणि मामांनी ते होकारात धरलं.

लग्न झालं. रस्ता झाला नाही. बाजारपेठेला जायचं तर चिखल तुडवत फाट्यापर्यंत चालावं लागायचं. सासरचे म्हणाले, रस्ता झाला की जा कामाला, आमची कुठं ना आहे? दिवस गेले तसा त्यांचा आवाज चढला. भाजी खारट झाली तरी विहीणबाई म्हणायच्या, "मीठ बरं आठवतं, बापाला रस्त्याची आठवण करायची तेवढी राहते." व्याही चारचौघांत सुनेची ओळख करून द्यायचे, "ही आमची सून, हिचे वडील रस्ता आणणार होते." जावई सज्जन होता; वडिलांनी विचारल्याशिवाय त्याला भूकसुद्धा लागायची नाही. लेक फोनवर "बरी आहे" म्हणायची. हे दोन शब्द ऐकले की मामा ताट सारून उठायचे.

शेवटी मामा मनाचा हिय्या करून साहेबांपुढे उभे राहिले.

"शेवटच्या वाडीला रस्ता आहे," साहेब भिंतीवरच्या नकाशाकडे बघत म्हणाले. "दोनदा दुरुस्तही झालाय."

"साहेब, मी स्वतः तिथून चप्पल हातात घेऊन येतो."

"मग साइडपट्टीवरून चालत जा. रस्त्याच्या मधून कशाला चालता?"

मामा बाहेर आले. संताप आला होता, पण तो काढायचा कुणावर? साहेबांवर काढायची छाती नव्हती आणि नकाशावर काढून उपयोग नव्हता.

काही दिवसांनी हुकूम आला. मोठ्या गावात कुणा पुढाऱ्याची प्रगतीवर सभा होती, त्यासाठी मैदान दाबून द्यायचं होतं. मोठ्या गावाच्या वाटेवरच शेवटच्या वाडीचा फाटा होता. मामांनी आदल्या दिवशी व्याह्यांना निरोप धाडला, 'उद्या रोलर आणतो. निदान कच्ची वाट तरी दाबून देतो.' नोकरीत पहिल्यांदाच मामा हुकूम मोडणार होते. सकाळी फाट्याला वळताना त्यांनी दोनदा मागं वळून बघितलं. पण लेकीचं "बरी आहे" कानांत होतं, आणि ते इंजिनाहून मोठं वाजत होतं.

इकडे वाडीत उत्साहाला उधाण आलं होतं. रोलर फिरवायच्या आधी रस्त्यावर पाणी मारतात, हे वाडीकरांनी दुसऱ्यांच्या गावांत उभं राहून डोळे भरून पाहिलं होतं. आपल्यावर अशी वेळ आली तर कशात कमी पडायचं नाही, असं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. दुसऱ्या गावांत मुरमावर टँकरनं शिंपडतात. इथं मुरूमही नव्हता आणि टँकरही नव्हता, होती ती नुसती काळी माती. म्हणून व्याह्यांच्या पुढाकारानं सगळ्यांनी आपापल्या विहिरींचे पंप चालू करून वाटेवर सोडले.

सुरुवातीची वाट खडकाळ होती, तिथून रोलर ठीक आला. वाडीची घरं दिसू लागली आणि तो थांबला. मामांनी गिअर बदलला, तर तो पुढं जायचं सोडून खाली जाऊ लागला. बघता बघता मागची चाकं दिसेनाशी झाली.

"पाणी कुणी मारलं?" मामांनी विचारलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"आम्ही!" व्याही अभिमानानं म्हणाले. "कालपासून सोडलंय. कमी पडलं का?"

खाली उतरून मामा चिखलातच बसले. आता नोकरी जाणार, रस्ताही गेला, आणि पोरीचं हसं होणार ते वेगळंच. लेक तांब्याभर पाणी घेऊन आली. ते पिताना तिच्याकडे बघायचं धाडस त्यांना झालं नाही.

तिकडे मैदान दाबायचं राहिलं, आणि प्रगतीचा आलेख चढत असल्याचं सांगता सांगता पुढाऱ्यांची खुर्ची एका बाजूनं जमिनीत गेली. दुसऱ्याच दिवशी साहेब शेवटच्या वाडीत आले, बूट हातात घेऊन आणि पँट गुडघ्यापर्यंत दुमडून. साइडपट्टी त्यांनाही सापडली नव्हती.

"रोलर बाहेर येईपर्यंत इथून हलायचं नाही," ते मामांवर ओरडले. "मग बघतो तुमच्याकडे!"

क्रेन बोलावली, ती फाट्यावरूनच परत गेली. चालक म्हणाला, रस्ता कुठाय? ओढून काढायला खात्याचा दुसरा रोलर आला. तो पहिल्याच्या थोडा अलीकडेच बसला. तेव्हा कुठं खातं खडबडून जागं झालं. माणसं अडकली असती तर काही बिघडलं नसतं, ती कित्येक वर्षं अडकलेलीच होती. पण माणसांची वार्षिक तपासणी होत नाही, रोलरची होते. दोन रोलर कुठं आहेत असं वरून विचारलं तर काय सांगायचं, या चिंतेनं साहेबांना भोवळ यायची बाकी राहिली. मग एक काम तातडीनं मंजूर झालं, रोलर काढण्यापुरता तात्पुरता रस्ता.

त्या भागात एवढा चांगला रस्ता आजवर झाला नव्हता. पुढाऱ्यांना त्याची खबरच नव्हती, म्हणून कोनशिला बसली नाही. वेळ नव्हता, म्हणून तो कुणाच्या बागेला वळला नाही. आणि त्याच्यावरून दोन रोलर जायचे होते, म्हणून खडी खरोखरची घातली. नुसती माणसं जायची असती तर एवढं कुणी केलं नसतं.

तोवर मामांचा मुक्काम व्याह्यांकडे होता. रस्त्याच्या आनंदात व्याही त्यांना हातही धुऊ देत नव्हते, स्वतः पाणी घालायचे. मामा ओट्यावर बसून लेकीचा दिवस बघायचे. पहाटे पाणी, मग गोठा, मग चूल, आणि या सगळ्याच्या फटीत शेजारच्या आजीच्या चष्म्याचा ढिला स्क्रू. एवढासा स्क्रूड्रायव्हर ती कनवटीला ठेवायची. "आजी, उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय, दाखवायला हवं," असं ती म्हणाली की आजी हसून म्हणायची, "रस्ता झाला की." हे बघून मामांचा जीव कळवळायचा, आणि लगेच ते स्वतःची समजूत घालायचे की आता थोडेच दिवस.

दोन्ही रोलर बाहेर निघाले. मामांवर कारवाई करायची तर रोलर बुडाल्याचं कागदावर आणावं लागलं असतं, म्हणून साहेबांनी तो विषय पुन्हा काढला नाही. व्याह्यांनी वाडी जमवली आणि मामांना खुर्चीवर बसवलं. "आमच्या व्याह्यांनी शब्द पाळला!" ते गरजले. टाळ्या पडल्या. मामांनाही क्षणभर वाटलं, हो, पाळला खरा.

"आता पोरीला कामाला जायला अडचण नाही," ते हळूच म्हणाले.

"कामाला?" व्याही हसले. "अहो, आता तर काम इथंच वाढलं! फाट्यावर चहाचं दुकान टाकतोय. जाणारा येणारा थांबणार. सूनबाई चहा करील, तिच्या हाताला चव आहे."

मामा हसले. व्याह्यांपुढं हसायची त्यांना सवय लागली होती. हसून झाल्यावर त्यांना स्वतःची लाज वाटली.

तेवढ्यात वाडीत पहिली जीप आली. पोरंटोरं तिच्यामागं धावली. जीप वळून उभी राहिली, आणि घरातून लेक बाहेर आली. तिच्या हातात पिशवी होती.

"कुठं निघालीस?" व्याह्यांनी विचारलं.

"दुकानात. मालकांनी या म्हटलंय."

"आणि संध्याकाळी?"

"संध्याकाळी आईकडे." मग ती मामांकडे वळली. तिचा आवाज चढलेला नव्हता. "बाबा, बोलणी झाली तेव्हा यांनी रस्ता मागितला आणि तुम्ही कबूल केलात. त्या बोलण्यात माझा विषय निघालाच नव्हता. पण मी मध्येच निघून आले असते तर तुमचा शब्द खोटा पडला असता. म्हणून थांबले. आता रस्ता झाला."

मामांच्या डोळ्यांतून पाणी आलं. इतके दिवस त्यांना वाटत होतं की आपण लेकीसाठी रस्ता आणतोय. लेक मात्र त्यांनी रोलरवरून ओरडून दिलेला एक शब्द सांभाळत चिखलात उभी होती.

"अहो व्याही, सांगा ना तिला काहीतरी!" व्याही म्हणाले.

मामा खुर्चीवरून उठले. "मी आज पहिल्यांदा तिचं ऐकतोय," ते म्हणाले. "मला ऐकू द्या."

लेक जीपमध्ये बसली. जावई पुढं आला, जीपच्या दाराला हात लावून उभा राहिला. "परत कधी येशील?" त्यानं विचारलं.

"रस्ता आहे की आता," ती म्हणाली. "ज्याला यायचं असेल, त्याला येता येईल."

"अजून कुणी आहे का?" ड्रायव्हरनं आवाज दिला.

जावयानं वडिलांकडे बघितलं. ड्रायव्हर थोडा वेळ थांबला, आणि मग जीप निघाली.