कोरडा तळहात

चमचा माझ्या तळहातावर आला आणि वरच्या वरच परत फिरला.

"संपलं बाई," काकू म्हणाल्या.

वाटीत दही होतं. मला दिसत होतं. काकूंनी पुढच्या मुलीला दिलं, तिच्या पुढचीला दिलं, आणि सुलभाला, स्वतःच्या लेकीला, दोनदा दिलं. मी हात पसरून तशीच उभी. मग हात फ्रॉकला पुसला, जणू काही लागलंच होतं त्याला.

कलकत्त्यातल्या आमच्या मराठी मंडळाचा मुलींचा खो-खोचा संघ होता. सामन्याआधी प्रत्येकीच्या तळहातावर दहीसाखर. काकू म्हणायच्या, दही पोटात गेलं की भीती खाली बसते. मी तेरा वर्षांची. माझा त्यावर पक्का विश्वास. सामन्याच्या दिवशी माझ्या पोटात असा गोळा यायचा की घास उतरायचा नाही. दह्याची सगळ्यात जास्त गरज मलाच होती.

काकूंचे यजमान वकील, बालीगंजात तीन पिढ्यांचं घर. संघाला तेच शिकवायचे. बाकीच्या मुली त्यांना काका म्हणायच्या, मी साहेब. माझा बा खिदिरपूरच्या गोदीत हमाल, नागपूरकडून आलेला. माय मंडळाच्या गणपतीत भांडी घासायची. नऊ मुली पुऱ्या होईनात म्हणून मला घेतलं. जात ठाऊक असून घेतलं, हे उपकार म्हणून ते ऐकवायचेसुद्धा.

त्या दिवशी मैदानात बसले तेव्हा माझ्या मनात एकच. सगळ्यांच्या पोटात दही आहे, माझ्या नाही. माझ्यामुळे संघ हरणार. शेवटची मिनिटं चालू होती, समोरच्या बंगाली संघाची एकच मुलगी बाद करायची राहिली होती. पाठीमागे पावलं ऐकली आणि खो मिळायच्या आधीच मी उठले. पंचांची शिटी. ती मुलगी निसटली. वेळ संपली.

साहेब मैदानात आले. मंडळाची सगळी माणसं कडेला उभी. माझी मायही होती, चहाचे कप गोळा करत.

"बोलावल्याशिवाय उठायचं नसतं, एवढंही तुमच्यात शिकवत नाहीत?" मग लोकांकडे वळून म्हणाले, "जातच भित्री. कितीही शिकवा."

लोक हसले. सुलभा हसली. मायनं मान खाली घातली आणि कप उचलत राहिली. साहेबांपेक्षा त्या खाली गेलेल्या मानेचा मला जास्त राग आला. आजही येतो.

घरी गेले नाही. गोदीच्या चाळीमागच्या मोकळ्या जागेत गेले. तिथे आमच्या गल्लीतल्या पोरी खेळायच्या. कुणी बिहारी, कुणी तेलुगू, कुणी उर्दू बोलणारी. त्यांना म्हटलं, मी बसते, तुम्ही मागून धावा, खोटे खो ओरडा, तोंडाला येईल ते बोला. पाठीला हात लागेपर्यंत मी उठणार नाही. पहिल्या दिवशी दर वेळी उठले. मग त्यांना साहेबांचं वाक्यच पाठ करायला लावलं. "जातच भित्री. कितीही शिकवा." त्यांना मराठी येईना. त्यांच्या तोंडात ते असं काही वाकडंतिकडं व्हायचं की हसून हसून पोट दुखायचं. रोज ऐकलं. सकाळी ऐकलं, संध्याकाळी ऐकलं. एक दिवस लक्षात आलं, ते वाक्य पाठीमागे चाललंय आणि मी घट्ट बसलेय. पोटात गोळा नाही. अरे, एवढंच होतं हे?

पुढच्या वर्षी तोच संघ, तोच सामना. सुलभा कर्णधार. दहीसाखर झाली. मला अर्थातच नाही. मैदानात जायची वेळ झाली आणि सुलभा कुठे दिसेना. तंबूमागे ओकत होती. सगळं दही मातीत पडलेलं. ओठ पांढरे पडलेले. मी बघतच राहिले. वर्षभर मी ज्याला माझ्या रक्तातलं समजत होते, ते हिच्याही पोटात होतं. वाटीभर दही खाऊन होतं.

साहेब माझ्याकडे आले. आवाज एकदम मऊ.

"तू जरा सावर तिला. हल्ली तुला जमतं म्हणे."

मी काकूंपुढे हात पसरला. "आधी दही."

काकूंनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी मान डोलावली. चमचा आला. या वेळी माझ्या तळहाताला टेकला. थंडगार होता.

मी तळहात उपडा केला. दही मातीत.

"तुमच्या मुलीला तुम्हीच सावरा," म्हटलं. पाठीवरचा नंबर सोडला आणि काकूंच्या वाटीत टाकला. राखीव मुलगी कुणी नव्हतीच. आठ जणींचा संघ उतरवता येईना, पंचांनी सामना बंगाली मुलींना देऊन टाकला. साहेब मागून ओरडत होते, "थांब, परत ये." माझ्या डोक्यात जुनंच वाक्य वाजत होतं, बोलावल्याशिवाय उठायचं नसतं. उठले होते मी. माय याही वर्षी कप गोळा करत होती. तिचा हात धरला, हातातले कप खाली ठेवायला लावले आणि ट्रामकडे चालू लागले. ती रडत होती. मला इतकं बरं वाटत होतं की काय सांगू.

आता त्या चाळीमागच्या जागेत माझा संघ आहे. गोदीवाल्यांच्या मुली. कुणाच्या पोटात गोळा आला की मी तिला दही देत नाही. मधे बसवते, बाकीच्या सगळ्या तिच्या कानाशी साहेबांचं तेच "जातच भित्री" ओरडतात. ती हसेपर्यंत ओरडतात. मग आम्ही मैदानात जातो.

मंडळाच्या संघाशी दर हिवाळ्यात सामना असतो. साहेब अजून येतात, पहिल्या खुर्चीवर बसतात. परवा मला म्हणाले, "झालं गेलं विसर. आपलीच आहेस तू. मंडळाच्या मुलींनाही शिकव थोडं."

"नाही," म्हटलं.

विसरणार नाही. माफही करणार नाही. माझ्या मुलींपैकी एकही खो मिळायच्या आधी उठणार नाही, आणि साहेब, तुमच्या डोळ्यांदेखत मी दर वर्षी तुम्हाला हरवणार आहे.